मोकळी चौकट

राजधानीतल्या मोठ्या चौकात किती गर्दी जमली, हे ठरवायचं काम मोजणीसाहेबांचं. सभा असो, जल्लोष असो की अंत्ययात्रा, ते नगरपालिकेच्या गच्चीवर जात, फोटो काढत, त्यावर चौकटी आखत आणि एकेका चौकटीतली डोकी मोजत. पुढाऱ्यांचे लाख त्यांच्या पेन्सिलीखाली आले की हमखास वीस हजार होत. त्यामुळे साहेब कुणाचेच लाडके नव्हते, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

त्यांच्या मते घराला जसं अंगण, तसा राजधानीला चौक. रडायचं, भांडायचं, नाचायचं ते इथंच. राजाने तो बांधला सैन्य मिरवायला. पुढे लोकांनी त्याच फरशीवर उभं राहून राजालाच घालवलं. त्या दिवशी गोळीबार झाला. किती गेले, ते मात्र कुणी मोजलं नाही.

फोटोत कारंज्याच्या डावीकडची एक चौकट कायम मोकळी असायची. चौकात मुंगी शिरायला जागा नसली, तरी तिथं कुणी थांबत नसे. सहायक बाईंनी एकदा विचारलंच, "साहेब, इथं काय आहे हो?"

"काय असणार? ऊन लागत असेल," म्हणत साहेब शून्य लिहून मोकळे झाले.

आज मुलगी सभेला निघाली, तेव्हा त्यांना तीच चौकट आठवली. मुलीला दमा. नको म्हटलं तर ऐकणारी नव्हती, हट्टाच्या बाबतीत बापावरच गेलेली. "कारंज्याच्या डावीकडे उभी राहा," ते म्हणाले. "तिथं मोकळं असतं. वरून मला दिसशीलही."

दुपारी चारला चौक गच्च भरला. साहेबांनी दुर्बीण लावली. पिवळ्या शर्टातली मुलगी मोकळ्या चौकटीत एकटीच उभी होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कुठं पाठवलंत मला? पाय ठेवायला जागा नाही इथं!"

त्यांनी पुन्हा पाहिलं. तिच्या चारी बाजूंना उघडी फरशी होती. पण तिचा एक हात अंगाशी आवळलेला होता आणि टाचा वर उचललेल्या.

"चेष्टा पुरे. उजवीकडे चार पावलं टाक, बाहेर येशील."

"कशी टाकू? दाबून धरलंय सगळ्यांनी." तिला धाप लागली होती.

साहेब कठड्यावरून पुढे वाकले. "कुणी? कोण आहे तिथं?"

तिने मान वर केली, थेट गच्चीकडे.

"सगळे तुमच्याकडेच बघतायत, बाबा. विचारतायत, आम्हाला कधी मोजणार?"

समोरच्या तक्त्यावर त्या चौकटीत साहेबांनी सवयीने आधीच शून्य मांडलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि 'एक' लिहिलं. मुलगी तर होतीच तिथं.

"एक नाही, बाबा," ती फोनवर हळूच म्हणाली.