उपसून टाकलेलं पाणी

मंगळावरच्या ‘निर्झर’ केंद्रातली प्रयोगशाळा आवरायला घेतली होती, पण हेमांगी टिळेकरचा पाय निघत नव्हता. भूजलात जीव सापडला नाही म्हणून केंद्र बंद होणार होतं, यान उद्या सगळ्यांना घेऊन निघणार होतं, आणि नेमकं आजच तिने विहिरीत सोडलेल्या पिशवीत मूठभर पेशी सापडल्या होत्या. तीही सूक्ष्मदर्शकाखालची मूठ!

भूजलतज्ज्ञ बर्वे सरांनी त्या पेशी उडवूनच लावल्या. त्यांची उपसा पद्धत होती: विंधनविहिरीत साचलेलं शिळं पाणी पंपाने आधी काढून टाकायचं आणि मागून येणारं ताजं तपासायचं. हेमांगीची निवांत पद्धत. पंपाला हात न लावता सच्छिद्र पिशवी विहिरीत सोडायची आणि काही आठवडे वाट बघायची.

“शिळ्या पाण्यात लोंबकळलेली पिशवी,” सर म्हणाले. “त्या पेशी आपल्याच पाइपाबरोबर पृथ्वीवरून आलेल्या.”

“पंपाची ओढ लागली की त्या खडकाला चिकटून बसत असतील, सर. पाणी स्थिरावलं की सुटतात. मग ताज्या पाण्यात कशा मिळणार?”

केंद्रप्रमुख तांबोळी मॅडमनी निकालाची कसोटी सांगितली. पृथ्वीवरच्या जीवांची प्रथिनं डावखुऱ्या घडणीची असतात. ही उजवी निघाली तर जीव इथलेच. पण त्या चाचणीला चमचाभर ऐवज हवा होता. नव्या पिशवीला पुन्हा काही आठवडे लागले असते. हेमांगी पार हिरमुसली.

निरोपाच्या जेवणात सरांच्या वाफ्यातली मेथीची भाजी होती. मेथी हा सरांचा जीव की प्राण. दुसरा घास घेताना हेमांगी थबकली.

“सर, शिळं पाणी उपसून कुठे टाकता?”

“वाफ्यांच्या टाकीत. वाया कशाला घालवायचं?”

“टाकीत शेवाळ धरतं?”

“जांभळट, बुळबुळीत. दर रविवारी घासून घासून हात दुखतात माझे...” सरांचा घास हातातच राहिला.

ताटं तशीच टाकून तिघं टाकीकडे धावले. चमचाभर कशाला, वाडगाभर बुळबुळीत शेवाळ निघालं, आणि चाचणीत त्याची घडण स्वच्छ उजवी निघाली. हेमांगीला रडू आणि हसू एकदमच फुटलं. मॅडमनी यान रिकामंच परत धाडायचा निरोप दिला आणि टाकी घासायला बंदी घातली.

“शोध हिच्या पिशवीचा,” सर म्हणाले, “पण साठा माझ्या उपशाचा, एवढं लिहा.” मग चाचरत त्यांनी विचारलं, “आणि ती भाजी?”

मॅडम थंडगार झालेल्या ताटावर पुन्हा बसल्या. “वर्षभर खातोय आपण, सर. आज सोडून काय उपयोग?”

हेमांगीने आणखी वाढून घेतली.