पंचवीस फुटांवरची भिंत

हेडलाइटचं काम मला कोणी शिकवलं नाही. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, चार रिले जाळले, शिकलो. आज नशिराबादला हायवेवर कोणालाही विचारा, लाइटवाला हितेंद्र कुठे बसतो. बरोबर माझ्या शेडसमोर आणून सोडतील.

बल्ब कोणीपण बदलतो हो. माझी खासियत सेटिंग. गौतमचंद शेठजींचं केळी पिकवायचं गोदाम आहे, त्याची मागची भिंत पांढरी, सपाट. तिथून मोजून पंचवीस फुटांवर मी जमिनीत खिळा ठोकलाय. गाडीचा लाइट खिळ्यावर आणायचा, भिंतीवर चुन्याची आडवी रेघ मारायची, आणि डिपरचा उजेड त्या रेघेखाली कापल्यासारखा थांबला पाहिजे. समोरच्याच्या डोळ्यात एक किरण जायला नको. माझ्या गाड्यांना समोरून कोणी शिव्या देत नाही.

डिसेंबरमध्ये आबांच्या पिकअपला हात घातला. आबा म्हणजे माझे वडील, निंबा. तीस वर्षं गाडी चालवतात. पहाटे पाचला निघायचं, जामनेरहून भाजी भरायची, भुसावळच्या मार्केटला टाकायची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. आई म्हणाली, "बस झालं आता, चावी द्या पोराकडे."

आबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग मला म्हणाले, "हितू, गाडी गयी तं मी काय करू रे? वट्यावर बसीसन माश्या मारू?"

मी म्हटलं, आबा, तुम्हाला दिवस उगवल्यासारखं दिसेल. शब्द दिला.

जळगावला श्रेयांसच्या दुकानातून एचआयडीचा, म्हणजे पांढऱ्या लख्ख उजेडाच्या बल्बांचा, सगळ्यात भारी सेट घेतला. गौतमचंद शेठजींचाच मुलगा तो. म्हणे, "हितू, भाजी न्यायची का वरात काढायची?" मी म्हटलं, तू फक्त वॉरंटी कार्डावर शिक्का मार. नवीन रिले, जाड वायर, सिरॅमिकचे होल्डर. एकही जोड उघडा ठेवला नाही. असं काम मी आजपर्यंत कोणाच्या गाडीला केलेलं नाही.

संध्याकाळी सातला खिळ्यावर गाडी लावली. डिपर मारला.

काय रेघ आली! ब्लेडने कापल्यासारखी. मी फोटो काढायला मोबाइल वर केला, आणि रेघेखाली दोन पाय दिसले.

सावली होती. घोट्यापासून कमरेपर्यंत.

वाटलं, काचेवर काहीतरी चिकटलंय. पुसलं. पण काचेवरच्या वस्तूची सावली अशी धारदार पडत नाही. अप्पर मारला. वरचं पण दिसलं. बाई. डोक्यावर पदर.

एक लाइट झाकला, एक सावली गेली. दोन्ही चालू, दोन सावल्या, एकमेकींवर चढलेल्या. म्हणजे मध्ये काहीतरी उभं होतं. हे गणित मला पाठ आहे: वस्तू भिंतीजवळ असली की दोन सावल्या चिकटून पडतात, लाइटजवळ आली की एकमेकींपासून लांब पळतात. मी टेप लावला. साडेसहा इंचांचा फरक. म्हणजे गाडीपासून बावीस फूट, भिंतीच्या तीन फूट अलीकडे.

तिथे जाऊन उभा राहिलो. कोणीच नव्हतं. पायाखाली माती, केळीच्या खोक्याचा एक तुकडा.

भिंतीवर माझी सावली तिच्या सावलीच्या शेजारी पडली. खांद्याला खांदा.

मी परत आलो, जुने बल्ब लावून बघितले. पिवळा उजेड, कोरी भिंत. नवे लावले, ती परत तिथेच.

खरं सांगतो, तेव्हाच सेट काढायला पाहिजे होता. पण रेघ बघत राहावी अशी होती हो. एवढी सरळ रेघ मी कधी आणली नव्हती. आणि आबांना शब्द दिलेला.

दुसऱ्या दिवशी आबा भुसावळहून आले ते हसतच. कधी नव्हे ते माझ्या पाठीवर थाप मारली. चहाच्या टपरीवर चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मन्हा पोऱ्यानी लाइट बसाडा! आते माले बठ्ठं दिसस!"

माझी छाती फुगली.

जामनेरचा रस्ता खडबडीत, सेटिंग हलतं. म्हणून संध्याकाळी परत खिळ्यावर घेतली. दोन सावल्यांमधलं अंतर आता दोन फूट आठ इंच. हिशोब केला. पंधरा फूट.

ती सात फूट पुढे आली होती.

तिसऱ्या संध्याकाळी आबांनाच सोबत उभं केलं. अप्पर मारला. एक सावली भिंतीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, दोन्ही छपराला टेकलेल्या. मध्ये साडेआठ फूट. म्हणजे ती बॉनेटसमोर आठ फुटांवर.

आबा घाबरले नाहीत. "हां, हाईच ती," म्हणाले. "रस्त्याच्या मोरीजवळ रोज उभी ऱ्हास. मी डिपर देस, बाजूले होत नही. रोज जराशी जवळ येस."

"आबा, मी सेट काढतो. आत्ता. जुने बल्ब लावतो."



"हितू, ती काय आज उनी का? तीस वर्षं मी त्याच रस्त्यावर शे. ती तठेच व्हती. मालेच दिसे नही." मग हळूच म्हणाले, "जुना बल्ब लावशी तं ती जाई का? फक्त माले दिसाव नही."

मी हातातला पाना खाली ठेवला.

चौथ्या संध्याकाळी भिंत कोरी होती.

डिपर, अप्पर, दोन्ही. एक डाग नाही. रेघ तशीच, सरळ. मी फोटो काढला, श्रेयांसला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

रात्री आडवा पडलो आणि आठवलं.

लाइटच्या मागे गेलेल्या वस्तूची सावली पडत नाही.

पहाटे मी अंगणात आलो. आबा गाडीत बसले होते. लाइट चालू, समोर रस्ता लख्ख, दूरवर कडुनिंबाचं पान न् पान दिसत होतं. माझंच काम ते.

आबांचा डबा नेहमी शेजारच्या सीटवर असतो. आज मांडीवर होता. आणि ते स्टेअरिंगपासून सरकून दाराला चिकटून बसले होते.

"आबा, डबा तिकडे ठेवा ना. गियर टाकायला अडेल."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नको," म्हणाले. "दाटी व्हस."