खंडेनवमीची चौकट

आमच्या घराला हत्याराचा मान राखायची सवय आहे, हे आधीच सांगते. माझे वडील धोंडू साळसकर लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे कापड विणायच्या मागावर कामाला होते. खंडेनवमीला साच्याला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही, असा त्यांचा दंडक. ब्याऐंशीच्या गिरणी संपात बरोबरीचे काहीजण गुपचूप कामावर गेले. बाबा गेले नाहीत. संप कुणी मागे घेतलाच नाही, मग आत जायचं कसं, असं ते मरेपर्यंत म्हणत. मला त्यांचा आजही अभिमान वाटतो.

त्याच गिरणीच्या जागेवर आता काचेची इमारत आहे आणि तिच्यात मी नकाशे करते. त्या वर्षी जुन्या चाळींचं काम आलं होतं. दसऱ्यानंतर मोजणीवाले आमचा नकाशा घेऊन निघणार होते. जी चाळ कागदावर, तिच्यातल्या लोकांना नवं घर. जी नाही, तिला ठेंगा. आमची चाळ मी स्वतः चाळींच्या लेयरमध्ये, म्हणजे नकाशातल्या चाळींच्या थरात, भरली होती, तरी नमुन्याच्या कागदावर ती कापली गेली. कारण साधं होतं. लेयरमधलं सगळं जिच्यात मावेल अशी सर्वांत लहान चौकट संगणक काढतो, आणि तेवढाच भाग छापला जातो. ही चौकट आमची चाळ भरायच्या आधीची होती. ती नव्यानं काढायला हवी होती आणि फाइल त्याच संध्याकाळी छपाईला जायची होती.

दिवस नेमका खंडेनवमीचा. आमचे साहेब गंगाधर पाठारे यांनी सकाळीच संगणकांना माळा घातल्या, पेढे वाटले आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मी मागे राहिले. आईची खोली गेली तर हा मान काय चाटायचाय, असं पुटपुटत मी माळ बाजूला सारली.

चौकट निघाली. उत्तरेला आमची चाळ नीट आत आली, पण दक्षिणेला चौकट भलतीच ताणली गेली होती. असं होतं कधीकधी. एखादा चुकीचा ठिपका पडला की अख्खी चौकट त्याच्यामागे फरफटत जाते. मी शोधला. ठिपका आमच्याच काचेच्या इमारतीवर होता, जुन्या गिरणीच्या जागी. तो पुसून पुन्हा चौकट काढली. आता तिथे दोन होते... मग एक ओळ... मग ओळीमागे ओळी, साचेखात्यात साचे लागायचे तशा. एसीच्या झोतातून तेलाचा आणि कापसाच्या धुळीचा वास येऊ लागला, बाबांच्या सदऱ्याला यायचा तोच. जमिनीखालून बारीक खटक-खटक चालू होती. मी आईला फोन लावला.

"आई... इथे साचे चाललेत."



"पूजेनंतर हात लावलास गो?"

"लावला."

"मग गिरणीतल्यांना वाटलं असेल, काम सुरू झालं, संप मिटला... आले कामावर."

ठिपके पुसले असते तर नकाशा नीटनेटका झाला असता. पण ज्यांना एकदा गेटाबाहेर ठेवलं, त्यांना धोंडू साळसकरांच्या लेकीनं दुसऱ्यांदा बाहेर काढायचं? भीती होतीच, पण त्याहून ताठा जास्त. आमच्या चाळीसकट, त्या ओळींसकट मी नकाशा छपाईला पाठवला.

मोजणी झाल्यावर चिंतामणी राऊळ नावाचे मोजणीदार कागद परत द्यायला आले. रखमाबाई साळसकर, खोली पक्की, असं माझ्या आईचं नाव घेऊन त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. आनंदानं माझे डोळे भरून आले. मग ते कान चोळत म्हणाले की तुमच्या पार्किंगखालच्या मजल्यावर एवढे लोक कामाला असतात, हे ठाऊक नव्हतं.

आमच्या इमारतीत पार्किंगखाली मजला नाही.

"नावं कुणी सांगेना," राऊळ म्हणाले. "एक म्हातारे तेवढे बोलले. तुमच्या आईच्याच खोलीचा पत्ता दिला त्यांनी. म्हणाले, घरी कळवा... पाळी सुटली की येतो."

मी तशीच उठून चाळीत गेले. आईला काही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्याशी पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.

"बाजूला हो," ती हळूच म्हणाली. "त्यांची वाट अडवू नकोस."