पावणेअकराचं नेट

“फुंकू नको! फुंकू नको म्हटलं ना!” अस्मा ओरडली, पण इंद्रजीतचे गाल आधीच फुगले होते. फूऽऽ!

जुन्या संगणकाच्या उघड्या पोटातून धुळीचा असा लोट उठला की तिघंही खोकत अभ्यासिकेच्या दारापर्यंत मागे सरली. मागोमाग एक झुरळ बाहेर आलं. घर रिकामं करायला लावल्याबद्दल ते फारच रागावलेलं दिसत होतं.

“एक झुरळ,” राखीने वहीत लिहिलं.

राखी आठवीत होती आणि तिला प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची खोड होती. कोण काय म्हणालं, किती वेळा म्हणालं आणि त्यातलं किती केलं! तिच्या वहीत तांड्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकेक पान दिलेलं होतं. तांड्याचे नायक देवसिंगकाका यांच्या पानावर ‘उद्या करतो’ या शब्दांपुढे एकोणीस रेघा होत्या. ‘केलं’ या शब्दापुढे एकच. तीही नंतर खोडलेली.

दिवाळीची सुट्टी चालू होती. तांड्यातली मोठी माणसं कापूस वेचायला शेतात गेली होती आणि राखीची वर्गमैत्रीण अस्मा महागावहून चार दिवस राहायला आली होती. तिच्या अब्बूंचं, मुख्तारभाईंचं, तिथे मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. येताना अस्माने फराळाच्या बदल्यात एक नखाएवढी वस्तू आणली होती : वायफायचा डोंगल. तो संगणकाला टोचला की तारेशिवाय नेट येतं म्हणे.

आणि नेट यायलाच हवं होतं. नायककाकांनी सकाळीच फर्मान काढलं होतं, “पोट्ट्यांनो, या डबड्यात नेट येत नाई, काई नाई. शुक्रवारी चार वाजता भंगारवाल्याचा टेंपो येऊन राह्यला. देऊन टाकतो!”

राखीने बोटांवर दिवस मोजले. सोमवारपासून शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे वर्ग नेटवरून सुरू होणार होते. राखीच्या घरात मोबाइल एकच, तोही दिवस उजाडला की बाबांच्या खिशात बसून शेतावर जायचा. हा संगणक गेला की वर्गही गेला. आज बुधवार होता.

“लाव डोंगल,” राखी म्हणाली.

अस्माने लावला. संगणक बराच वेळ घरघरला आणि मग पडद्यावर एक चौकट आली.

“ड्रायव्हर नाई म्हणते,” अस्माने वाचलं. “म्हणजे हा डोंगल कोण, हे त्याले ओळखताच नाई येऊन राह्यलं. त्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लागते.”

“मंग तो कुठी भेटते?” इंद्रजीतने विचारलं. हा राखीचा भाऊ, सहावीतला.

“नेटवर.”

“म्हणजे नेट आणायले नेट लागते?”

“हाव.”

“वा रे वा! पेटीची चाबी पेटीत ठेवून कुलूप लावल्यासारखंच झालं हे!”

पण अस्मा दुकानात वाढलेली पोरगी. ती दुकानातून आणलेला जुना मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढली. तांड्यात रेंज मिळायची ती टाकीच्या सहाव्या पायरीवर, आणि तीही पळसाच्या झाडाकडे तोंड केलं तर! तिथे एका पायावर उभं राहून तिने तो प्रोग्राम मोबाइलमध्ये उतरवला, खाली येऊन वायरने संगणकात ढकलला आणि डोंगलवर निळा दिवा लुकलुकला.

“आलं!” इंद्रजीतने उडी मारली.

पडद्यावर ग्रामपंचायतीच्या नेटचं नाव झळकलं. ग्रामपंचायतीचं कार्यालय भिंतीपलीकडेच होतं. पोळ्याच्या आधी तिथे नेटची पेटी बसली होती आणि पासवर्ड नायककाकांनी स्वतः खडूने दारावर लिहिला होता. तो अख्ख्या तांड्याला पाठ होता. वापरायला मात्र अजून कुणालाच मिळाला नव्हता.

अस्माने पासवर्ड टाकला. गोल चक्र फिरू लागलं... फिरलं... आणि नाव गायब!

“याडीये!” इंद्रजीत घाबरला की असाच आईचा धावा करायचा. “कुठी गेलं?”

राखीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं : ‘पावणेअकराला आलं. पाच मिनिटांत गेलं.’

त्या दिवशी नेट आणखी दोनदा आलं. साडेबाराला आणि सव्वातीनला. दोन्ही वेळा चक्र फिरलं, तिघांनी श्वास रोखले आणि नाव नाहीसं झालं.

राखी मोठ्या माणसांना विचारत सुटली. प्रत्येकाजवळ उत्तर तयार होतं.

“वारा सुटला की जाते ते,” नायककाका म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

“संगणक म्हातारा झाला, त्याले झेपत नाई,” पंचायतीचे शिपाई उकंडाकाका मिशी पुसत म्हणाले.

“पण काका, नेट बंद हाये याची तक्रार केली का कोणी?”

“नायकानं केली.”

नायककाका म्हणाले, “ग्रामसेवकानं केली.” टाकीवर चढून ग्रामसेवकांना फोन लावला, तर ते म्हणाले, “उकंडाने केली असेल ना!”

राखीने तिघांची नावं गोल लिहून बाणांनी जोडली. मध्ये लिहिलं : ‘तक्रार – शून्य.’

गुरुवारी तर डोकं पारच चक्रावलं! अस्माने डोंगल पुढून काढून मागे लावला. धुतलेल्या रुमालाने पुसला. संगणक तीनदा बंद करून चालू केला. काही केलं तरी नेट आपल्याच लहरीने यायचं आणि जायचं.

“भूत हाये,” इंद्रजीतने निकाल दिला.

“गप रे! भूत काय घड्याळ पाहून येते का?”

“मंग तुमचं नेट काहून घड्याळ पाहून येते?”

“मले वाटते आता माह्यंच डोकं दुरुस्तीले टाका लागते,” अस्मा कपाळावर हात मारून म्हणाली.

शुक्रवार उजाडला. पावणेअकराला नेट येऊन गेलं. साडेबाराला येऊन गेलं. राखी वही उघडून नुसती बसली होती. सुचत काही नव्हतं, म्हणून पानं मागे-पुढे उलटत होती. एका पानावर ‘नेट’. त्याच्या समोरच्या पानावर ‘उकंडाकाका’. दर वेळी कार्यालयाच्या दारात आलेल्या काकांकडे बघून तिने तिथे गंमत म्हणून लिहिलं होतं :

‘बुधवार. पावणेअकरा – ओठांवर पिठीसाखर. साडेबारा – मिशीत शेव. सव्वातीन – ढेकर.

गुरुवार. पावणेअकरा – पुन्हा पिठीसाखर...’

राखी ताडकन उठली. “अस्मा! उकंडाकाका खातात, तेव्हा नेट येते!”

“काय?” अस्मा बघतच राहिली. “त्यांच्या पोटात हाये का नेट?”

“ते मले काय माहीत! पण वेळा पाह्य ना. सगळ्याच्या सगळ्या जुळतात!”

“पण ते खातात कुठी?”

तिघं दबकत कार्यालयाच्या खिडकीशी गेली. उकंडाकाका स्टुलावर बसून पेंगत होते. नेटची पेटी असायची त्या भिंतीवर नुसते दोन स्क्रू! काळी वायर भिंतीवरून खाली उतरत, कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या लोखंडी कपाटाच्या दाराखालच्या फटीतून आत शिरली होती. कपाटाला हे एवढं कुलूप!

“या खुदा!” अस्मा पुटपुटली. “पेटी कपाटात! राखी, अब्बू दुकानात गंमत दाखवतात. मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावलं, की रेंज गुल! हे कपाट म्हणजे तसाच डबा. काका खायले दार उघडतात, नेट बाहेर येते. दार लावलं की नेट आत!”

“म्हणजे पेटीची चाबी खरंच पेटीत!” इंद्रजीत म्हणाला.

राखी सरळ आत गेली. “काका, जरा कपाट उघडता का?”

उकंडाकाकांची झोप उडाली. “अजिबात नाई! नायकाचा हुकूम हाये. आतमंदी तालुक्याच्या साहेबांसाठी फराळाचे चार डबे हायेत. मी तर हातबी लावत नाई त्याले!”

एवढ्यात नायककाकाच येऊन खुर्चीत बसले, टेंपोची वाट बघत. राखीने त्यांना पेटी कपाटात असल्याचं सांगून पाहिलं, तर ते हसले, “अवं पोरी, पेटी भिंतीवर हाये. मीच लावून घेतली.” आणि भिंतीकडे मान वळवायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत.

सव्वातीन वाजले. नायककाका समोर होते, त्यामुळे कपाट उघडलं नाही. आणि नेटही आलं नाही! राखीला खात्री पटली. पण खात्रीने कुलूप थोडंच उघडतं?

चारला दहा कमी असताना टेंपोचा भोंगा वाजला. भंगारवाला अभ्यासिकेत शिरला आणि त्याने कीबोर्ड बगलेत मारला.

“थांबा हो चाचा! फक्त पाच मिनिटं!” अस्मा संगणकाला मिठी मारून उभी राहिली.

भिंतीपलीकडे राखीने इंद्रजीतच्या कानात काहीतरी सांगितलं. इंद्रजीतचे डोळे चमकले. तो कपाटासमोर पालथा पडला आणि तांडा हादरेल असा ओरडला,

“मुंग्याऽऽ! काका, मुंग्या! कपाटात चालल्या, लाइन लागली! साहेबांचा फराळ गेलाऽऽ!”

उकंडाकाका स्टुलावरून उडालेच. चावी हातातून दोनदा पडली. तिसऱ्यांदा कुलूप खटकन उघडलं, दार ‘कर्रर्र’ करत मागे गेलं आणि भिंतीपलीकडून अस्माची किंकाळी आली,

“आऽऽलं! राखी, दार लावू देऊ नको!”

राखी कपाटाच्या दारात पाठ टेकून उभी राहिली. पलीकडे चक्र फिरत होतं... फिरत होतं... “जोडलं गेलं! नेट चालू झालं!”

नायककाका खुर्चीतून उठले. त्यांनी कपाटात पाहिलं. फराळाच्या चार डब्यांच्या मधोमध नेटची पेटी हिरवे दिवे लुकलुकवत बसली होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. दोन स्क्रू. पुन्हा कपाटाकडे. मग डोक्यावरची टोपी काढून डोकं खाजवलं.

“उकंडा, ही पेटी अठी कायले ठेवली बे?”

“तुम्हीच तर म्हणले, वांदरं पाडतीन, नीट सांभाळून ठेव! आता या हापिसात कुलूप एकाच कपाटाले हाये. बाकी कुठी सांभाळू?”

नायककाकांनी एक डबा उचलला. हलका. दुसरा उचलला. त्याहून हलका.

“आन् ह्या करंज्या?”

उकंडाकाका मिशी पुसू लागले. “मुंग्या लय झाल्या यंदा...”

गंमत म्हणजे, इंद्रजीतने खोट्याच ओरडलेल्या मुंग्या उरलेल्या करंज्यांवर खरोखरच चढलेल्या होत्या!

गलका ऐकून पलीकडून आलेला भंगारवाला आधी हसला, मग नायककाका गदागदा हसू लागले. “ठेव रे बाबा तो कीबोर्ड जाग्यावर. टेंपो रिकामाच ने.” मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. “शाब्बास रे पोट्ट्यांनो! दोन महिने आम्ही तिघं-चौघं शहाणे वाऱ्याले नावं ठेवत बसलो, आन् तुम्ही तीन दिवसांत कुलूप खोललं. मुख्तारभाईले सांग अस्मा, तुमची पोरगी आमच्या तांड्याची इंजिनेर हाये!”

“पण पेटी बाहेर ठेवली, तर वांदरं?” उकंडाकाकांनी विचारलं.

“बांबूची टोपली उलटी करून भिंतीवर ठोका,” राखी म्हणाली. “वांदराचा हात जाणार नाई, नेट मात्र आरपार!”

“वा!” नायककाका खूश झाले. “पक्की आयडिया हाये. उद्या करतो.”

राखीने फक्त वही उघडली, त्यांचं पान काढलं आणि पेन्सिलीचं टोक एकोणीस रेघांच्या शेवटी नेऊन ठेवलं.

नायककाकांनी मान लांब करून पान वाचलं. मग घसा खाकरला.

“उकंडा! टोपली आण. खिळेबी आण. आत्ताच्या आत्ता!”

टोपलीचा शेवटचा खिळा बसला, तेव्हा राखीने पेन्सिल उचलली आणि खालच्या ओळीवर, ‘केलं’ या शब्दापुढे, एक ठसठशीत रेघ ओढली.