थोरल्याची तारीख

“लिही आई, ‘माझा थोरला मुलगा मयत आहे’... लिही ना!”

कर्नल झालेल्या तिच्या लेकाच्या आवाजात आर्जव नव्हतं, हुकूम होता. कायदाच तसा होता! वयाची चोपन्न पूर्ण झाली की ब्रिगेडियरपदाची बढती नाही, थेट निवृत्ती. आणि कागदावर त्याला पुढच्याच महिन्यात चोपन्न पूर्ण होत होती. त्याचं उतरलेलं तोंड बघवेना म्हणून कालच तिने काळजात पुरलेलं गुपित बोलून टाकलं होतं... ती जन्मतारीख त्याची नव्हतीच! हा घरीच जन्मलेला, याचा कागद कुठला? शाळेने मागितला तेव्हा तिने तान्हेपणीच गेलेल्या थोरल्याचं नाव नि दाखला, दोन्ही याला देऊन टाकलं होतं.

“मेलेल्या पोराचं वय माझ्या माथी मारलंस! वर वाढदिवस करायचीस... कोणाचा गं?”

तिने मनोमन देवाला हात जोडले. ‘फसवणूक माझी एकटीची, मुलाला ठाऊक नव्हतं,’ हे प्रतिज्ञापत्रात लिहिताना तिचा हात कापला नाही. ‘मयत’ लिहिताना मात्र पेन थरथरलं, शाई सांडली.

“सगळी घाण केलीस!” टेबलावरचा नवाकोरा रुमाल ओढून त्याने शाई पुसली. “खरी तारीख काय माझी?”

“आजचीच रे...”

“बरं. साल घाल आणि सही कर.”

त्याने मान वरसुद्धा केली नाही! दरवर्षी याच दिवशी ती त्याला रुमाल द्यायची. “आज काय विशेष?” तो हसायचा. “उगीच,” ती म्हणायची.

तीन आठवड्यांनी सैन्य मुख्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं. भरतीच्या वेळी नोंदवलेली तारीख अंतिम. पुरावा काहीही असो, बदल नाही.

“तुझी सहीसुद्धा कामाची नाही, आई!”

थोरल्याच्या वाढदिवशी धाकटा निवृत्त झाला. संध्याकाळी वर्दी उतरवून तो तिच्या पायांशी येऊन बसला. हातात तो शाईने माखलेला रुमाल होता.

“कपाटात असे कितीतरी निघाले गं, घडीही न मोडलेले... माझा दिवस तू एकदाही चुकवला नाहीस! आणि मी...” तिने त्याचं मस्तक मांडीवर ओढून घेतलं.

“आज त्याचा दिवस ना, आई? कसा दिसायचा तो? सांग ना...”

आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं! तिने डोळे मिटले, सारं बळ एकवटून त्या इवल्या जिवाला हाक मारली...

डोळ्यांपुढे आला तो याचाच चेहरा.