नापास मोटरसायकल

"अहो! ओ, थांबा ना जरा!"

सिग्नल सुटायच्या बेतात होता आणि मी भर रस्त्यात एका अनोळखी माणसाच्या मोटरसायकलमागे धावत होते. एका हातात व्यायामाचे रबरी पट्टे, दुसऱ्या हातात चप्पल – कारण तिचा अंगठा नुकताच तुटला होता. बसस्टॉपवरची अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. बघू दे. बस तशीही येत नव्हतीच.

त्याने मागे वळून पाहिलं. "मला म्हणताय?"

"गाडी विकायची आहे ना? मागे कागद चिकटवलाय तुम्ही. पण फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसलेत!"

तो खाली वाकून स्वतःच्याच गाडीच्या मागे बघू लागला. "तरीच... एकाचाही फोन आला नाही. मला वाटलं, गाडीच कुणाला आवडत नाही."

आणि तो हसला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजायला लागले, तरी तो आपला निवांत हसतोय! मला निवांत माणसांचा राग येतो. त्या दिवशी मात्र का कोण जाणे, आला नाही.

राग येतो कारण माझ्या पायाला भिंगरी आहे – असं आई म्हणते. कामही तसलंच. मी घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेते. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. शहराच्या आतल्या भागात एक आजोबा होते, अर्धं अंग लुळं पडलेले. ते माझ्याशिवाय कुणाला हातही लावू द्यायचे नाहीत. आणि बसच्या कृपेने मी त्यांच्याकडे रोज उशिरा पोचायचे. आमच्या सेंटरच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं – यापुढे उशीर झाला, तर आजोबांकडे दुसरं कुणीतरी जाईल. आजोबा नुकते भिंत धरून उभे राहायला लागले होते. मला घाई होती ती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बघायला गेले. तो जमिनीची मोजणी करणारा सर्वेअर होता, आत्याकडे राहायचा. डोंगरात एका धरणाचं काम सुरू होत होतं, तिथे त्याला नोकरी लागली होती. म्हणून गाडी विकायची होती.

"एक चक्कर मारून बघू?" मी विचारलं.

"बघा ना."

ती एक चक्कर बरीच लांबली. मोटरसायकल मी मामाकडे शिकले होते, पण स्वतःच्या जिवावर अशी कधी सुटले नव्हते. वारा कानात शिरत होता, चौक मागे पडत होते... परत आले तेव्हा तो फाटकापाशी हाताची घडी घालून उभा होता.

"मला वाटलं, पळून गेलात."

"जाणारच होते. पेट्रोल नाहीये तुमच्या गाडीत."

तो पुन्हा हसला. व्यवहार तिथेच ठरला.

घोडं अडलं ते पुढे. गाडी नावावर झाली आणि पहिल्याच आठवड्यात रिंगरोडच्या नाक्यावर मला पोलिसांनी थांबवलं. नियम बदलला होता. जुन्या गाड्यांच्या धुराची नव्याने तपासणी करून हिरवा स्टिकर घ्यायचा, नाहीतर महिनाअखेरनंतर शहरात प्रवेश बंद. तशीच तपासणी केंद्रावर गेले. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, गाडी रेझ करायला सांगितली आणि पडद्यावरचा लाल आकडा दाखवून शांतपणे म्हणाला, "नापास."

मी तिथूनच सर्वेअरला फोन लावला. "फसवलंत मला!"

"काय झालं?"

"धूर झाला!"

अर्ध्या तासात तो हजर. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जुन्या नियमात पास होती, खरंच. नव्याचं मला माहीत नव्हतं. पण माझ्याकडून घेतलीत ना? मी परत घेतो गाडी."

मी हँडल घट्ट धरलं. "मी नाही देणार."

"मग भांडताय कशाला?"

"...राग आलाय म्हणून!"

"बरं," तो म्हणाला. "मग राग ओसरेपर्यंत गॅरेजला जाऊ या?"

गॅरेजवाल्या काकांनी गाडी सुरू केली, कान लावला, चेहरा वाकडा केला. एअर फिल्टर तुंबला होता, कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडत होता, त्यामुळे ते नीट जळत नव्हतं. "पोरी, हिला दम लागलाय," काका म्हणाले. "एका दिवसात नाही व्हायचं."

मग माझ्या संध्याकाळी गॅरेजात जाऊ लागल्या. शेवटचा पेशंट संपला की मी बसने तिथे; उशिराबद्दल मॅडमकडून महिनाअखेरपर्यंत सवलत मागून घेतली होती. तोही असायचाच. जुन्या टायरांवर बसून आम्ही काकांचे हात बघायचो. पेट्रोलचा वास, तेलकट चिंध्या, कोपऱ्यात खरखरणारा रेडिओ. मी सारखी उठून बघायचे, झालं का, झालं का. तो हळूच म्हणायचा, "बसा हो जरा. तुम्ही उभं राहिल्याने कार्ब्युरेटर लवकर साफ होत नाही."

"मला बसवत नाही एका जागी."

"आणि मला एका जागेवरून हलवत नाही. दुर्बिणीला डोळा लावून तासन्‌तास उभा राहतो मी."

"काय दिसतं त्यात एवढं?"

"सगळं उलटं दिसायचं जुन्या दुर्बिणीत. आता सरळ दिसतं." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता – "जवळचं मात्र दिसत नाही. फार जवळ असलं की सगळं धूसर."

माझे कान तापले. मी उठून परत काकांच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्यांदा तपासणी झाली, गाडी पुन्हा नापास. थोडक्यात हुकली. मी वैतागायला हवं होतं. महिना संपत आला होता, आजोबा आता काठी घेऊन दारापर्यंत येत होते. पण परतताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय! कशाबद्दल? नापास झाल्याबद्दल?

त्या रात्री अंथरुणात नुसती तळमळले.

मग एका दुपारी काकांना गाडीचं जुनं माहितीपुस्तक हवं झालं, म्हणून मी त्याच्या घरी गेले. तो नव्हता. आत्याने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ती धुराची गाडी तुझीच का?"

"हो... त्यांचीच होती आधी."

"बाई गं, लवकर पास कर तिला! मागच्या सोमवारी हजर व्हायचं होतं त्याला. साहेबांकडून मुदत मागून घेतलीय. गाडी पास झाल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. इतक्या वर्षांनी मनासारखी नोकरी मिळालीय, तर हा इथे टायरांवर बसून राहतोय!"

मी पुस्तक घेतलं आणि रस्त्यावर आले. सरळ घरी जायचं सोडून भलत्याच गल्लीत वळले. तिथून पुढे, तिथून आणखी पुढे. म्हणजे गाडी नापास, तर माझे आजोबा गेले. गाडी पास, तर हा गेला. काय मागावं तेच कळेना!

शेवटच्या तपासणीला आम्ही दोघं गेलो. लांब रांग. नळी आत गेली, मी गाडी रेझ केली, पडद्यावर आकडे पळायला लागले. पळाले, अडखळले... आणि हिरवे झाले.

"पास!" केंद्रावरचा माणूस म्हणाला.

आणि मला रडू कोसळलं. साधंसुधं नाही, चांगलं हुंदके देऊन.

तो माणूस घाबरला. "अहो ताई, पास झालीय! पास!"

"कळलंय मला!" मी रडत रडत ओरडले.

सर्वेअर जवळ आला. "काय झालं?"

"आता तुम्ही जाणार."

त्याच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा पहिल्यांदाच कुठल्या कुठे गेला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काकांना घाई करू नका असं मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या वेळी नाही, पण... नंतर. चुकलंच माझं. तुमचं काम अडलं होतं. पण – मला तू आवडतेस."

तू.

दिवसभर टकळी चालवणारी मी. पेशंट म्हणतात, तुझ्या बडबडीनेच हातपाय हलतात. आणि आता मी नुसतीच गाडीचं हँडल पुसत राहिले. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, केंद्रावरचा माणूस स्टिकर हातात धरून खांबासारखा ताठ उभा होता.

"उद्या बसने जाऊ नका," एवढंच मी कशीबशी म्हणाले. "मी सोडते."

सकाळी निघालो. मी पुढे, तो मागे, पाठीवर त्याची मोठी बॅग. शहर संपलं, सपाटी संपली, घाट लागला. धुकं अंगावर यायला लागलं, आरशात त्याचा चेहरा ओलसर दिसत होता. त्याने एकदाही माझं उत्तर विचारलं नाही, हेच मला सगळ्यात जास्त टोचत होतं.

कामाच्या ठिकाणी पत्र्याच्या खोल्या होत्या, चिखल होता. त्याने बॅग उतरवली. "चहा घेऊन जा."

"नको. आजोबा वाट बघतील."

"बरं. सावकाश जा."

मी गाडी वळवली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर हात आपोआप ब्रेकवर गेला. 'जा' म्हटल्यावर निमूट जाणारी मी कधीपासून झाले?

परत आले तेव्हा तो तिथेच उभा होता, जागचा हललेला नव्हता.

"काय राहिलं?"

मी गाडीवरूनच बोलले. सगळं, एका दमात. की टायरांवर बसायला आवडत होतं, की गाडी नापास झाली तेव्हा गाणं सुचत होतं, की तू ही नोकरी सोडलेली मला चालणार नाही, पण सुट्टीच्या दिवशी हा घाट मी चढणार म्हणजे चढणार, आणि मलाही तू –

तो कानाला हात लावून उभा. "हेल्मेटमधून काहीच ऐकू आलं नाही."

मी हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, नाक लाल. "तू मला आवडतोस!" मी ओरडले. दोन खोल्यांमधून माणसं बाहेर डोकावली.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं." तो हसत होता, त्या पहिल्या दिवसासारखा निवांत मात्र नाही. "पण आता तरी गाडी बंद कर ना."

मी गाडी बंद केली.