चौथ्याचा कोट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागले की मी मधे थांबत नाही. कंदिलही मोठा करायचा नाही, रॉकेल कमी आहे.

सत्तावन्न सालच्या माघात मी बंगल्यावर कोंबड्या साफ करायला गेले होते. गोंडपिपरीच्या पुढं, आष्टीच्या रस्त्याला, जंगलात लाकडाच्या कंपनीचा बंगला होता. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या बायकोचा वाढदिवस होता, चांद्याहून पाहुणे येणार होते, मुंबईहून चार वाजवणारे. माझा नवरा पोचू माझ्यासोबतच आला, सरपण फोडायला. आम्ही परधान. गोंडाच्या घरी माणूस मेला की तिथं जाऊन किंगरी वाजवायची, हे आमचं पिढ्यांचं काम. पण रोज कोणी मरत नाही, म्हणून बाकीच्या दिवशी सरपण.

दुपारी ट्रक आला. त्यातून तीनच उतरले. गोव्याकडचे किरिस्ताव. म्होरक्याचं नाव कायतान. दुसरा चष्मेवाला. तिसरा जाडा, त्याचं व्हायोलिन एवढं मोठं की बाकीच्यांसारखं हनुवटीखाली न धरता तो ते मांडीत धरून बसायचा, हट्टी लेकराला धरल्यासारखं.

साहेबानं विचारलं, "चौथा कुठे आहे?"

"चांद्याच्या दवाखान्यात, साब. बुखार."

"मी चार सांगितले होते. चार नसतील तर उद्या याच ट्रकनं परत जा."

मला त्यात काय? मी पिसं उपटत होते. तिघं व्हरांड्यात बसून वाजवायला लागले. चौथी खुर्ची रिकामी मांडली होती. असलं वाजवणं मी कधी ऐकलं नव्हतं. आधी सगळे एका चालीनं, संथ, देवळात पाय न वाजवता चालावं तसे. मग एकजण एकदम वाट सोडून पळायचा, उड्या मारायचा, बाकीचे त्याच्यामागं ठेका देत. दमला की परत वाटेवर. आणि मधेच सगळे हात थांबायचे. तिघंही रिकाम्या खुर्चीकडं बघायचे, मनात काहीतरी मोजायचे आणि पुढं जायचे.

"हे काय आहे जी?" मी विचारलं.

कायतान म्हणाला, "आधा गिरजाघर, आधा नाचघर, बाई. एक हिस्सा लिखा हुआ, क्लासिकल. दुसरा उसी वक्त सूझता है, जाझ."

"मंग कोनतं तरी एकच वाजवा ना."

"तू भात अकेला खाती है क्या?"

मला हसू आलं. तेवढ्यात त्यांचे हात परत थांबले आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी गुणगुणलं. पोचू. हातात कुऱ्हाड, डोळे मिटलेले. जागा नेमकी भरली. कायतान उठून उभाच राहिला.

संध्याकाळपर्यंत पोचू घरून किंगरी घेऊन चौथ्या खुर्चीत बसला होता. तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज, बस. छातीला टेकवायची आणि गज ओढायचा. त्यांचं एकदा ऐकलं की तो आपलं काहीतरी मधे घालायचा आणि ते तिघं माना हलवायचे. घरी येताना फार खुशीत होता.

"सुकरे, चार जन लागतेच म्हने त्यायले. तिरडीले लागते तसे."

"जीभ आवरा जी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अंगणात खुर्च्या मांडल्या. उन्हं अजून चांगली होती. मी आत चहा गाळत होते. बाहेर वाजवणं सुरू झालं, संपलं, टाळ्या पडल्या. ट्रे घेऊन बाहेर आले तर पोचूच्या अंगात काळा कोट. खाली धोतर, वर कोट. उघडा बसला तर साहेबाला आवडणार नाही म्हणून त्यांनीच घातला होता. मला आधी हसूच आलं. खांद्यावर कसा बसला होता, मापून शिवल्यासारखा.

मग त्याच्याजवळून गेले आणि मला वास आला.

तुम्हाला हा वास कळणार नाही. मला कळतो. आमच्यात अशी रीत आहे : मेलेल्याचं नाव घ्यायचं, किंगरीवर त्याला हाक मारायची, वाट दाखवत त्याच्या देवापाशी नेऊन सोडायचं. ते झालं की त्याचे कपडे परधानाचे. बावीस वर्षं मी मेलेल्यांचे कपडे धुतले आहेत. ताप, घाम, आणि त्याच्या खाली एक गोडसर... मोहफूल सडल्यासारखा. पण आधी पाठवणी, मग कपडा. उलटं कोणी करत नाही. पाठवल्याशिवाय कपडा अंगात घातला तर मेलेल्याला वाटतं, आपलं अंग अजून इथंच आहे. तो येऊन बसतो.

ट्रे खाली ठेवला. कायतानची गचांडी धरून त्याला स्वयंपाकघरामागं नेला.

"कोट कोनाचा आहे?"

"दोस्त का..."

"दोस्त कुठी आहे?"

"दवाखाने में."

चुलीवर आधण होतं. मी त्याचा हात धरला आणि भांड्याजवळ नेला. "पुन्हा खोटं बोल. हीच बोटं शिजवीन."

रडायलाच लागला तो. "कल गया... रस्ते में. ट्रक में. महुए के नीचे गाड़ दिया. पादरी नहीं था. साब को बोलते तो वापस भेज देता..."

"नाव सांग. नावाबिगर जात नाई तो."

"झुजे."

तेवढ्यात अंगणात एकटीच किंगरी सुरू झाली. कायतान रडायचा थांबला.

"ये... ये उसका है," तो म्हणाला. "झुजे का. ये हमने किसी को नहीं सिखाया."

मी धावले. जाडा आणि चष्मेवाला हात मांडीवर टाकून बसले होते. पोचूनं किंगरी छातीवरून उचलून हनुवटीखाली धरली होती. त्याची बोटं बघवत नव्हती, कोळ्याच्या पायांसारखी चालली होती. पाहुणे खूश. एक बाई म्हणाली, जंगली असून कसा वाजवतो बघा.

मी त्याच्या कानाशी वाकले. "अजी, ऐका. कोट मेलेल्याचा आहे. झुजे नाव आहे त्याचं. त्याले हाक मारा... पाठवा त्याले."

ऐकू आल्याची खूणच नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "झुजे!"

गज थांबला. पोचूनं मान वर केली. अगदी मऊ आवाजात, कोणी जेवायला बोलावल्यासारखा म्हणाला,

"ओ."

कोट मी फाडूनच काढला. तो चुलीत कोंबला. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना तो खेळातलाच भाग वाटला. पोचू खुर्चीतून खाली पडला, त्यानं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. आंबील मागितली. मीठ कमी म्हणून माझ्यावर ओरडला. मला बरं वाटलं, म्हटलं सुटलो. हाच तो, माझाच.

किंगरी मात्र त्यानं खुंटीला टांगली ती टांगलीच. मयतीचं बोलावणं आलं की म्हणायचा, बोटं दुखतात, दुसऱ्याले न्या. मी विचारलं नाही. माणूस घरात होता, मला तेवढं पुरे होतं.

वैशाखात शेजारची मंगली तेंदूपानं तोडून आली आणि कुंपणावरूनच म्हणाली, "सुकरेबाई, काल दुपारी पोचूभाऊ रस्त्यावरच्या मोहाखाली कायले वाजवत होता गं? दिसला नाई, आयकू आला."

काल दुपारी पोचू माझ्यासमोर बसून दोर वळत होता.

दुसऱ्या दिवशी मी गेले. घरी म्हटलं, डिंक आणायला जाते. ऊन असं की पाखरूही ओरडत नव्हतं. मोहाखाली मातीचा उंचवटा, वर दोन काटक्या आडव्या बांधलेल्या. मी बसले. बराच वेळ काही नाही. मग खालून आलं. मातीतून. ना नाचघर, ना गिरजाघर. आमच्या घरची पाठवणीची चाल. पोचूला बापानं शिकवलेली, दुसऱ्या कोणत्या परधानाला येत नाही ती. नाव घ्यायच्या जागेपर्यंत यायची... थांबायची... परत पहिल्यापासून.

मातीवर हात ठेवला तर हाताखाली गज ओढल्यासारखं थरथरत होतं.

तिथं नाव घेणारं माणूस पाहिजे होतं, तेवढंच. झुजे म्हटलं असतं तर माझ्या घरात पोचूच्या अंगात बसला आहे तो गेला असता, अंग रिकामं पडलं असतं. पोचू म्हटलं असतं तर मातीतला. जो जातो तो परत येत नाही. मी कोणाला घाबरत नाही, साहेबालाही घाबरले नाही. पण माझं तोंड उघडलं नाही. मी उठले आणि घरी आले.

तो अंगणात दोर वळत बसला होता. मी कुठं गेले होते ते त्याला ठाऊक नव्हतं, वाटेत कोणी भेटलंही नव्हतं. मी घागरीतून पाणी प्याले. तो खाली बघूनच, दोराला पीळ देत, हळू आवाजात म्हणाला,

"सुकरे... नाव नाई ना घेतलं?"